फेरीला पाठ नसते

पहिल्या मे महिन्यात सात मुले होती
आणि मळारच्या आमच्या गॅरेजात स्कूटरच्या तेलाचा वास.
कागद तिसऱ्याच दिवशी संपले.
तेव्हा मिनिन पोदेराचा भाऊ, जो तियात्रात पडदे ओढतो,
गेल्या हंगामाची पोस्टरे काखेत गुंडाळून घेऊन आला.
मागची बाजू कोरी. म्हणजे, जवळजवळ:
उजेडात धरले की वेलन्सीच्या समुद्रातून
एका रडणाऱ्या सासूचा चेहरा वर यायचा.
तो आम्ही तसाच ठेवला. समुद्रात काय काय असते.

घंटा नव्हती. मिनिनने सायकलचा जुना भोंगा दिला,
रबर चिरलेले, आवाज शाबूत.
दहा वाजता मी पों पों केले की मुले येत,
आणि मुलांमागून पिशव्या घेऊन चार बायका:
आज उंडे एवढ्या उशिरा?
त्यांतली शेवंतीबाय रिकाम्या पिशवीने परत जायला लाजली
आणि बसली. फाटके जाळे कसे विणायचे ते तिने दाखवले,
म्हणजे आधी भोक कसे शोधायचे ते,
बोटांनी, डोळे मिटून.
मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. हे मला येत नव्हते.

दुसऱ्या वर्षी एकतीस. गॅरेजने हात टेकले.
पाद्री आल्विनोंनी चर्चमागची खोली दिली, अट एकच,
भिंतीवरच्या संतांना मिशा काढायच्या नाहीत.
पंचायतीने तीन सह्यांनंतर एक किल्ली दिली,
ती कुठल्या कुलपाची, ते अजून कळलेले नाही.
माती नार्व्याच्या धक्क्यावरून, डिचोलीच्या शाणू कुंभाराची.
पायी माणसाला फेरीत तिकीट नाही;
मातीच्या गोणीला आहे का, यावर केबिनातल्या उल्हासने
अर्धी नदी होईपर्यंत विचार केला, मग म्हणाला,
"चालत आलीय ना तुमच्याबरोबर? मग पायीच."

अकराव्या दिवशी वाड्यावरचे एक म्हातारे गेले.
खोली हवी होती. आमची जनावरे अजून ओली,
फळ्यांवर, शेपट्या लोंबत.
भोबेंनी देवळाची अग्रशाळा उघडली, स्वतः झाडली,
आणि आम्ही निघालो भर बाराच्या उन्हात,
मातीवर छत्र्या, डोकी उघडी.
वळणावर समोरून शवपेटी आली.
दोन्हीकडचे थांबले. कुणाला काही सुचेना.
मग काळ्या कोटातली माणसे कडेला सरली
आणि आधी आमची ओली माती पुढे गेली.

गंगव्वा तिसऱ्या वर्षीची. तिचा बाप धक्क्यावर फरशी बसवायचा
आणि ती दिवसभर फेरीकडे बघत असायची.
तिने फेरी केली. मी म्हटले, पुढची बाजू कुठली?
ती म्हणाली, "टीचर, फेरीला पाठ नसते.
तिथून बघाल तर तिथून पुढे."
एकदाच बोलली, कन्नड आणि कोंकणीच्या मधल्या कुठल्या तरी भाषेत,
आणि अंगठ्याने दुसरी रॅम्प दाबून बसवली.

यंदा त्र्याऐंशी मुले. समिती आहे. रबरी शिक्का आहे.
बँकेने बॅनर दिला, त्यात बँकेचे नाव
आमच्या शिबिराहून मोठे. चालायचेच.
शाणूचा नातू भट्टी लावतो, शेवंतीबायला मानधन मिळते,
ती त्याची मानकुराद आणते आणि वाटून टाकते.
मला सगळ्यांची नावे येत नाहीत.
कधीकधी त्या सातांची आठवण येते, तेलाच्या वासासकट,
आणि ती मी कुणाला सांगत नाही, समितीला तर नाहीच.

गंगव्वाच्या बापाचे काम संपले. कुठे गेले, ठाऊक नाही.
तिची फेरी भट्टीतून एका बारीक चिरेसह परत आली.
ती उल्हासच्या केबिनात आहे, चाकाशेजारी,
दिवसातून चाळीस वेळा नदी ओलांडते,
पाठ न फिरवता.